दिवा वाढला

चौकशीची नोटीस हातात पडली तेव्हा मी आधी लाल पेन शोधलं आणि तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. एका पानात सात निघाल्या. 'उपस्थीत', 'आपन', 'खुलासा करावे'. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं की माणसाचा हात आपोआप चालतो, त्याला इलाज नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी लग्नपत्रिका, गणपतीच्या मंडळाची पावती, आमच्या चर्चच्या फेस्ताच्या सणाचं पत्रक, जे हाती लागेल त्यावर मी गोल करत सुटते. वाडीतले लोक मला पत्रिका द्यायला येताना फाटकाबाहेर उभे राहून ती आधी दोनदा वाचून घेतात म्हणे.

नोटीस घेऊन आली होती ती माझी जुनी विद्यार्थिनी. चाळिशीची बाई, गावच्या अंगणवाडीत मदतनीस. ती पायरीवर बसून माझं गोल करणं निमूट बघत होती. सातवा गोल झाल्यावर म्हणाली, "बाई, चुको मगे काढा. माझा काय होतला, ता आदी सांगा."

मग मी मजकूर वाचला. सरकारच्या सौर दिव्यांच्या योजनेची चौकशी लागली होती. अनुदान वाटलं गेलं, पण दिवे लागत नाहीत, अशी तालुकाभर ओरड झाल्यावर वरून एक अधिकारी जाहीर सुनावणीला येणार होत्या. इथवर ठीक. पुढे लिहिलं होतं की, दिवे बंद असताना ते 'वाढले' असल्याचा खोटा अहवाल या बाईनं महिन्या-महिन्याला दिला, तरी तिला मदतनीस पदावरून कमी का करण्यात येऊ नये, याचा तिनं सुनावणीत खुलासा करावा.

खोटा अहवाल! ही मुलगी चौथीत असताना मी पाढ्यांची परीक्षा घेतली होती आणि हिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. वह्या वाटून झाल्यावर ही बाकावरून उठली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "बाई, तुमी माझी एक चूक धरूक नाय." सतराच्या पाढ्यात एक आकडा चुकला होता आणि तो माझ्या नजरेतून सुटला होता. मी गुण कापला. घरी जाऊन मला रडू आलं होतं, ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तर अशी ही मुलगी.

योजना आली तेव्हा वाडीत केवढा उत्साह होता! प्रत्येक कौलारू घरावर एक काळी पाटी, आत एक बॅटरी आणि दोन दिवे. आमच्या शेजारचे आजोबा तेवढे पहिल्या दिवसापासून साशंक होते. "सूर्य आमच्याकडे फुकटच येता मा," ते ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, "मगे तेका अनुदान कित्याक?" ठेकेदाराचा माणूस हसला आणि त्यानं आजोबांच्या आधार कार्डाचा फोटो काढून घेतला.

शेजारच्या घरांत त्या पाटीला हळदकुंकू लागलं, नारळ वाढवला गेला, आणि दोनातला एक दिवा देवाजवळ बसवला गेला. आम्ही ख्रिस्ती. मी आमचा एक दिवा आल्ताराच्या, म्हणजे घरातल्या वेदीच्या, बाजूला लावून घेतला. तिन्हीसांजेला देवमातेच्या तसबिरीवर त्याचा पांढरा उजेड पडायचा आणि मला फार बरं वाटायचं, हे मी कबूल करते.

पण पाट्या बसवताना सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे केली गेली, कारण उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना त्या गाडीतून दिसायला हव्या होत्या. आमचा रस्ता उत्तरेला आहे. सूर्य तिकडून जात नाही, ही गोष्ट मी तिसरीच्या मुलांना शिकवत असे. त्यात खारा वारा, त्यात माडांच्या झावळ्यांची सावली, त्यात माकडं. माकडांना ती वायर भलतीच आवडली. आणि उरलेली कसर बायकांनी भरून काढली. एवढी गुळगुळीत, तापलेली, उंचावरची जागा बघून त्यांनी शिडी लावून तिच्यावर आमसुलांसाठी कोकमाची सालं वाळत घातली. माझी विद्यार्थिनी घरोघरी खालून ओरडत फिरायची, "गो काकी, पॅनेलार सोलां नको घालू, तेका सूर्य दिसाक व्हयो!" काकी वरून म्हणायची, "दिसता गो, कडेन जागा ठेवलंय."

तिला हे ओरडायचं काम सरकारनंच दिलं होतं. योजनेत प्रत्येक वाडीत एक 'ऊर्जासखी' नेमली होती. तिनं दर महिन्याला घरोघर जाऊन दिवा बघायचा आणि एका तक्त्यात त्याची सद्यस्थिती लिहून तालुक्याला पाठवायची. वाडीनं तिचं नाव दिवेवाली ठेवलं. पहिल्या महिन्यातच एकेक करून सगळे दिवे गेले. ठेकेदाराचा फोन लागेना. आणि दिवेवालीनं प्रत्येक घरापुढे, प्रत्येक महिन्यात, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दिवा वाढला'.

मराठी माणसाला हे सांगायची गरज पडू नये. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि दिवा, विशेषतः देवाजवळचा, कधी विझत नाही, तो वाढतो. आम्ही मालवणजवळ राहतो, पण दिवा मालवला असंसुद्धा आमच्या तोंडून सहज येत नाही.

तालुक्याच्या कचेरीत मात्र कुणा शहाण्यानं 'वाढला' वाचलं आणि संगणकात 'वाढ' भरली. तिथून वर जाताना त्याची 'दिव्यांच्या वापरात लक्षणीय वाढ' झाली. आणि त्यावर खूश होऊन सरकारनं आमच्या वाडीला दिव्यांचा दुसरा हप्ता पाठवला. तीच पाटी, तीच बॅटरी, तोंड पुन्हा उत्तरेलाच. आजोबांचे दोन दिव्यांचे चार झाले. आम्हाला वाटलं, सरकारला आपली दया आली. दिवेवालीनं त्यांच्याही पुढे यथावकाश लिहिलं, 'वाढला'.

हे सगळं त्या पायरीवर बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं आणि मी आधी पोट धरून हसले. मग माझं डोकं फिरलं. "वाढला म्हणजे काय, एवढं कळत नाही या लोकांना? आणि हे तुला खोटं ठरवणार?"

"बाई..." ती काहीतरी सांगायला गेली.

"तू गप बस. खुलासा मी लिहिते."

आणि मी लिहिला. तीन पानी. नारळ, बांगडी, दुकान, दिवा अशी उदाहरणं देऊन, परिच्छेद पाडून. मराठी भाषेच्या शालीनतेवर एक अख्खा परिच्छेद होता, तो तर मला इतका आवडला की मी तो तिला दोनदा वाचून दाखवला. ती मान डोलवत होती. मधेच पुन्हा एकदा "बाई, ता पयल्या तक्त्याचा..." असं काहीसं म्हणाली, पण मी एका विशेषणात अडकले होते. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

सुनावणी आमच्या शाळेत झाली. ग्रामपंचायतीचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, आणि पटसंख्या घटल्यामुळे शाळेचे दोन वर्ग तसेही रिकामेच होते. दोनातला एक माझा. तोच फळा, तीच खिडकी, खिडकीतून दिसणारी तीच खाडी. सगळं गाव लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. ठेकेदाराचा प्रतिनिधी चांगला उंचापुरा गृहस्थ, तो पहिलीच्या बाकात असा काही अडकला होता की त्याला उत्तर द्यायला उठायचं असलं की शेजारच्याला बाक धरावा लागे. मला जरा बरंच वाटलं.

अधिकारी मॅडम लांबच्या राज्यातल्या. मराठी त्यांनी नोकरीत आल्यावर शिकलेली. पण काय मराठी! ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळावं असं बोलत होत्या. त्यांच्या बोलण्यात मला एकही चूक सापडली नाही, आणि मी शोधत होते.

दिवेवालीला बोलावलं. तिनं माझी तीन पानं दिली. मॅडमनी ती शेवटपर्यंत वाचली, शालीनतेच्या परिच्छेदाला थोडं हसल्यादेखील. माझी छाती फुगली. मग त्यांनी चष्मा काढून गावाकडे बघितलं आणि विचारलं, "इथे कोणाकोणाच्या घरचा दिवा वाढला आहे?"

सगळे हात वर गेले.

"म्हणजे तुमच्याकडे आता जास्त दिवे आहेत?"

वर्गात जो हशा उठला, तसा माझ्या वर्गात मी कधी उठू दिला नव्हता. शेजारचे आजोबा उठून म्हणाले, "मॅडम, माझे चारय वाढले! आता तुमी अजून दोन दिलात, तर तेय वाढतले!" आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. पंखा थांबला, माइक बंद पडला. मॅडमच्या सोबतचा कारकून शाळेच्या भिंतीवरच्या सौर दिव्याचं बटण दाबायला गेला, तर मागून दहा-बारा आवाज एकदम आले, "वाढलो तो! वाढलो!"

मॅडमसुद्धा हसल्या. मला वाटलं, जिंकलो. पोरगी सुटली.

पण त्या लेच्यापेच्या नव्हत्या. हसू ओसरल्यावर त्यांनी फाइलमधून एक कागद काढला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "ही रीत मला मान्य आहे. पण हा तुमचा पहिल्या महिन्याचा तक्ता आहे. यात तुम्ही आधी 'दिवा बंद पडला' असं लिहिलं आहे. स्पष्ट, सरळ. ते नंतर लाल शाईनं खोडलं आहे आणि वर 'वाढला' लिहिलं आहे. पुढे प्रत्येक महिन्यात तेच. म्हणजे बंद पडला हे लिहिता येत होतं. मग ते खोडलं कोणी? ठेकेदारांच्या माणसानं सांगितलं का?"

ठेकेदाराचा माणूस बाकातून उठायची धडपड करू लागला. "आमचा काही संबंध नाही! या बाईंच्या अहवालावरच तर आम्ही दुसरा हप्ता पुरवला!"

मॅडमनी कागद उंच धरला. मी दुसऱ्या बाकावर होते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. 'बंद पडला'वर एकच आडवी रेघ, बाजूला गोल, वर छोटं टोपीसारखं चिन्ह आणि त्यातून निघालेला 'वाढला'. ढ ला मी देते तसा पोटफुगा वळसा. आणि कागदाच्या कोपऱ्यात चिकटून वाळलेला माशाचा एक खवला.

तो खवला बघितला आणि मला सगळी सकाळ आठवली. मी मागच्या दारी तांबोशाचे खवले काढत बसले होते. ही पहिला तक्ता घेऊन आली होती, सरकारी कागद आहे, बाई एकदा नजर घाला म्हणून. मी ओल्या हातानंच कागद धरला आणि भडकले. "बंद पडला? देवाजवळचा दिवा, आणि बंद पडला काय लिहितेस? तो काय पंप आहे? मी तुला हेच शिकवलं?" आणि तिथेच, आतून लाल पेन मागवून, मी वाक्य सुधारलं. वर तिला बजावलं की यापुढे प्रत्येक ठिकाणी असंच लिहायचं. नंतर मी मासा केला, जेवले, झोपले आणि विसरून गेले. तिनं मात्र दर महिन्याला, प्रत्येक घरापुढे, बाईंनी सांगितलं तसं लिहिलं.

म्हणजे वाडीला दिव्यांचा दुसरा हप्ता मी आणला होता.

"सांगा," मॅडम म्हणाल्या. "हे कोणी खोडलं?"

दिवेवालीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं समोरच्या फळ्यावर नजर लावली आणि म्हणाली, "मीच."

"लाल पेनानं?"

"होय."

"का?"

ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होती, त्यामुळे पुढचं तिला सुचेना. कारकून लिहायला लागला. मला त्याच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता.

मी तेव्हा काय विचार केला, ते सांगते, कारण ते काही भूषणावह नाही. मला वाटलं, बसून राहावं. गावासमोर, माझ्याच वर्गात, लोकांच्या चुका काढण्यात जन्म घालवलेल्या बाईची एवढी मोठी चूक निघणार. उद्यापासून पत्रिका देताना लोक फाटकाशी थांबणार नाहीत, हसत हसत आत येतील. मला खरंच भीती वाटली.

मग मला चौथीतली ती मुलगी दिसली, त्याच बाकांमध्ये उभी राहून माझ्या सुटलेल्या चुकीबद्दल सांगणारी. मी उठले. माझेही गुडघे बाकात अडकले होते, त्यामुळे ते उठणं काही रुबाबदार झालं नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "एक चूक तुम्ही धरली नाहीत. ती माझी आहे."

"बाई, तुमी बसा!" दिवेवाली ओरडली.

"तू बस," मी म्हटलं, आणि ती सवयीनं बसली.

मी सगळं सांगितलं. तांबोशासकट. मॅडमनी मला कागदाच्या मागे 'वाढला' लिहून दाखवायला लावलं, आणि माझा ढ बघून त्यांना काही विचारायची गरज राहिली नाही. खवला नखानं काढून त्यांनी कारकुनाला दिला. त्यानं तो प्रामाणिकपणे फाइलला टाचला.

"पण बाई," त्या म्हणाल्या, आणि तोवर त्यांनीही मला बाई म्हणायला सुरुवात केली होती, "बंद पडला हे बरोबर होतं. शुद्धलेखनातही चूक नव्हती. मग तुम्ही ते का खोडलंत?"

तीन पानी खुलाशात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शालीनतेच्या परिच्छेदातही नव्हतं. मला एकदम जे आठवलं तेच मी बोलले.

आमच्या ख्रिस्ती घरांतही लग्नात हिरवा चुडा भरतात, आणि नवरा गेला की तो उतरवतात. माझा नवरा गेला त्या दिवशी शेजारच्या बायका माझ्याभोवती बसल्या होत्या. कोणालाच पुढे व्हायचं धाडस होत नव्हतं. तेव्हा याच मुलीची आई आली, माझा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बाई, वाढवतंय हां." फोडते म्हणाली असती तर मी तिथेच कोसळले असते. ती वाढवते म्हणाली. त्या शब्दाला धरून मी तो दिवस काढला. तेव्हापासून मी कुठलीही गोष्ट संपली, फुटली, विझली असं लिहू शकत नाही आणि माझ्या देखत दुसऱ्या कोणाला लिहूही देत नाही.

"मला तो दिवा विझलेला नको होता, मॅडम," मी म्हटलं. "एवढंच."

मॅडमनी तो तक्ता फाइलला लावला. मग त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "हे समजलं. पण सरकारला हे समजणार नाही. तिला सोडवायचं असेल, तर मला तुमच्या अक्षरात एक वाक्य हवं. वाढला नको."

मी पेन घेतलं. वाक्य लहान होतं. 'आमच्या वाडीतले सर्व सौर दिवे विझले आहेत, आणि ऊर्जासखीने हे पहिल्याच महिन्यात खरे लिहिले होते.' विझले लिहिताना हात अडला. नाही म्हणत नाही. माझ्या आल्ताराजवळचा दिवाही त्यात आला. मी लिहिलं, खाली सही केली आणि खुर्ची नव्हती म्हणून पुन्हा त्या बाकातच जाऊन अडकले.

सुनावणी संपली तेव्हा ठेकेदाराचा माणूस बाकातून सुटला आणि इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांना "येतो हां" म्हणाला. आजोबांनी त्याला दारात गाठलं. "खरोच येशात? की ह्याव वाढलाच?" तो गाडीत बसला. तो पुन्हा आलेला नाही.

चौकशी मात्र चालूच आहे. मधे पेपरात बातमी आली, 'सौर दिवे चौकशीची मुदत वाढवली'. आजोबांनी ती मोठ्यानं वाचली, कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "गेली. चौकशीव गेली." त्यांना समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली आणि तरी त्यांना ते पटलेलं नाही. पाट्या अजून कौलांवर उत्तरेकडे तोंड करून बसल्या आहेत. आमसुलं मात्र यंदा झकास झाली.

आणि परवा दिवेवालीला सरकारी पत्र आलं. ती ते घेऊन धावतच आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "वाचा. मोठ्यान."

मी वाचलं. 'आपल्याविरुद्धची कार्यवाही बंद करन्यात येत आहे.'

"बंद मा?" तिनं विचारलं. "बंद म्हणजे बंदच? वाढवण्यात येत आहे असा लिवक नाय मा?"

"बंदच," मी म्हटलं. आणि तो शब्द मला इतका गोड लागला की मी तो तीन वेळा वाचला. 'करन्यात'मधला न चुकीचा होता. मी बघितला. पेन टेबलावरच होतं. मी त्याला हात लावला नाही.

मग तिनं पिशवीतून या महिन्याचा तक्ता काढला. दिवे गेले तरी तक्ता जायलाच हवा. एकाखाली एक घरं, आणि प्रत्येक घरापुढे तिच्या त्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'बंद'. खाली माझं घर. माझ्या घरापुढची जागा तिनं कोरी ठेवली होती.

"ह्या तुमी लिवा," ती म्हणाली.

मी निळ्या पेनानं 'बंद' लिहिलं आणि कागद तिला परत दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला. "चूक नाय एकय?"

"नाही."

"खरा?"

"अगो, बरोबर आहे म्हटलं ना!"

ती समाधानानं उठली, पदर खोचला, पायऱ्या उतरली. फाटकाशी पोचल्यावर वळली, आणि चौथीतल्यासारखे डोळे बारीक करून म्हणाली, "बाई, आता सगळा स्पष्ट बोलाचा मा? मगे जातंय मी!"

आमच्याकडे कोणी कोणाच्या घरून जात नाही. येतंय म्हणूनच निघतात. ती थट्टा करत होती, हे मला पुरतं कळत होतं. पण नवरा गेल्यापासून या घराच्या पायऱ्या रोज चढणारी ती एकटीच आहे.

"मेले!" मी ओरडले. "येतंय म्हण! आदी येतंय म्हण, मगे फाटक उघड!"

ती फाटकाला धरून पोटभर हसली. मग हसू आवरून, वर्गात म्हणायची तसं, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "येतंय, बाई."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली.